करिमा मणेरणीची पायरी

सणसरला जुन्या रस्त्यानं आलात, तर गाव सुरू व्हायच्या आधी उजव्या हाताला एक पत्र्याच्या छपराचं घर लागतं. त्याच्याकडं बघून कुणी गाडी थांबवणार नाही. त्याला ना कमान, ना नक्षी. तीन खणांचं, मातीच्या भिंतीचं, सणासुदीला कधीतरी चुना फासलेलं. पुढं दगडी ओटा आणि ओट्याला एक पायरी. असलं घर ऐतिहासिक म्हणून जाहीर होणार म्हटल्यावर गावाला हसू येणारच, आणि गाव पोटभर हसलं. चावडीसमोर बसणाऱ्या मंडळींनी तर त्या आठवड्यात आपापले गोठेसुद्धा शिवकालीन ठरवून टाकले. एकानं म्हशीचाही इतिहास सांगितला.

हसलं नाही ते एकच माणूस, त्या घरात राहणारी करिमा मणेरीण. ती हसली नाही, रागावली नाही, तिला अभिमानही वाटला नाही. ही बातमी घेऊन इंद्रजितराव आले तेव्हा ती ओसरीत तांदूळ निवडत होती.

हे इंद्रजितराव म्हणजे गावचे कंत्राटदार. एकेकाळी उपसरपंच होते. तो मान अजून अंगावरून उतरलेला नाही, त्यामुळं गावात कुणीही पाहुणा आला की त्याला हार घालायला हेच पुढं. माणूस मनानं चांगला, फक्त त्यांच्या सिमेंटमध्ये सिमेंट शोधायला भिंग लागतं. ओढ्यावरची मोरी त्यांनी बांधली, ती पहिल्याच पुरात वरातीतल्या घोड्यासारखी नाचत निघून गेली. तेव्हापासून गावात कुणाची खीर रवाळ झाली तरी बाया म्हणतात, इंद्रजितरावांनी केली का काय?

"चाची, पेढं काढा पेढं!" मोटारसायकल उभी करता करताच ते ओरडले.

"पेढं न्हाईत. चा ठिवू का?"

"चा तर घेनारच. पर आधी ऐका तरी. तुमचं घर वारसा म्हनून जाहीर हुनार! त्या बारामतीच्या बाई आल्या हुत्या न्हवं, राजनंदिनीम्याडम, त्यांच्या मंडळानं ठरवलंय. भिंतीवर बोर्ड लागनार. लोकं फोटू काढाय येतील. मग घराला कुनी हात लावायचा न्हाय, पाडायचं न्हाय, हाय तसं ठिवायचं. तुमी फकस्त व्हय म्हना."

"बरं," करिमा म्हणाली आणि तांदळातला खडा काढून बाजूला ठेवला.

इंद्रजितरावांचा जरा हिरमोडच झाला. गावाला एवढा मान मिळाल्यावर माणसानं निदान पदर तरी सावरावा.

पण त्यांना कळायला हवं होतं. वर्ष होत आलं, करिमा सगळ्यांना 'बरं' एवढंच म्हणत होती. बादशाह गेल्यापासून.

बादशाह मणेर म्हणजे तिचा नवरा. बांगड्यांचा धंदा त्यांच्या घरात किती पिढ्यांचा, ते त्यांनाही माहीत नाही. इकडं कन्हेरीपासून तिकडं इंदापूरपर्यंत कुठल्याही गावात लग्न ठरलं, की नवरीचा हिरवा चुडा भरायला बाया या ओट्यावर यायच्या. बादशाह माळेतून मापाच्या बांगड्या काढून द्यायचा आणि भरायचं काम घरातल्या बाईचं. आधी त्याची आई हुरमतबी भरायची, मग करिमा. हुरमतबी ऐन तारुण्यात विधवा झालेली, तिचे हात जन्मभर मोकळे. तरी तिच्या हातून चुडा भरायला नवऱ्या रांग लावायच्या. मणेरणीला विधवापण लागत नाही, असं जुन्या बाया म्हणत आणि भरून झालं की तिच्या पाया पडत.

तो बादशाह इंदापूरच्या बाजारात गेला आणि तिथंच गेला. छातीत कळ आली तेव्हा खांद्यावर काचेच्या बांगड्यांची पेटी होती. त्यानं आधी पेटी खाली टेकवली, नीट, आवाज न करता, आणि मग तो पडला. आत एक बांगडी पिचली नव्हती. हे सगळा बाजार सांगत होता, मय्यतीला आलेली माणसंही हेच एकमेकांना सांगत होती. करिमानं ते ऐकलं, पेटी उघडून बघितली, परत लावली. ती रडली नाही. बायांनी तिला रडवायचा लई प्रयत्न केला. कुणी गळ्यात पडली, कुणी त्याच्या आठवणी काढल्या. शेवटी बायाच दमल्या, डोळे पुसून घरी गेल्या आणि वाटेत म्हणाल्या, काळीज दगडाचं हाय बया.

काळीज दगडाचं वगैरे काही नव्हतं. ते तिथं होतं की नाही, हेच तिला कळत नव्हतं. भाकरी खाल्ली तर भाकरी, पाणी प्यालं तर पाणी. सकाळ व्हायची, मग दुपार. नवरा गेल्यावर पाळायचे इद्दतीचे दिवस घरात बसून काढले, ते संपले तेव्हाही उठून बाहेर जावं असं वाटलं नाही आणि बसून राहावं असंही नाही.

आणि एक गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती. तिची बोटं बधिर झाली होती. बांगडी भरणं हे डोळ्यांचं काम नाही, ते बोटांचं. समोरचीचा हात दाबून, चुरगाळून मऊ करायचा, अंगठ्याच्या मुळाचं हाड कुठं अडतंय ते चाचपायचं, आणि ते आत दबलं की त्या पळभरात बांगडी पुढं सरकवायची. करिमाला आता ते हाडच लागत नव्हतं. गोधडीतून हात धरल्यासारखं वाटायचं. एकदोघी आल्या तेव्हा तिनं "माल न्हाय" म्हणून त्यांना वाटेला लावलं. माल तर पेटीत भरून पडला होता.

आता तिच्या मुलाची गोष्ट. अफजल बारामतीला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. पोरगा सरळ आहे. त्याच्या बायकोनं, शबीनानं, त्याला पार खिशात घातलंय असं सणसरच्या बाया म्हणतात, पण कुठल्या सुनेबद्दल म्हणत नाहीत? अफजलला आईची काळजी होती. एकटी बाई, दिवस दिवस भिंतीकडं बघत बसते. त्यानं ठरवलं, घर पाडायचं, जागा रस्त्याला लागून आहे, तीन गाळे काढायचे. आईला बारामतीला न्यायचं, तिसऱ्या मजल्यावर. तिथं तिनं खिडकीत बसावं, खाली फाटकातून येणाऱ्या गाड्या बघाव्यात.

"अम्मी, मग काढू का गाळे? घर तुज्या नावावर हाय, तू व्हय म्हनलीस तर पुढच्या महिन्यात पाडून टाकतो."

"बरं," करिमा म्हणाली.

म्हणजे घर पाडायलाही बरं, आणि घर जपायलाही बरं. दोन्ही पार्ट्या खुशीत निघून गेल्या.

हा घोळ पहिल्यांदा लक्षात आला तो कौसल्याबाईंच्या. त्यांच्या लक्षात आलं नसतं तर नवल. समोरच्या घरात राहून त्या गेली चाळीसेक वर्षं करिमाच्या घराची राखण करत आलेल्या आहेत. म्हणजे कोण आलं, कशाला आलं, किती वेळ बसलं, सगळं बघतात. करिमा नवीन लग्न होऊन आली तेव्हापासूनच्या दोघी मैत्रिणी.

"दोघास्नी बरं म्हनालीस व्हय गं?" ओट्यावर बसून तंबाखू मळत कौसल्याबाई म्हणाल्या.

"व्हय."

"आगं येडे, एक म्हनतो पाडतो, दुसरा म्हनतो जपतो. दोनी कसं हुईल?"

"बगतील त्यांचं त्ये."

"त्यांचं काय? घर तुजं हाय का त्यांचं? हितं गाळा झाला म्हंजी हा ओटा गेला. ओटा गेला म्हंजी तुजं बसनं गेलं. मग त्या तिसऱ्या मजल्यावर काय करशील? पारव्यांस्नी बांगड्या भरशील?"

कौसल्याबाईंनी तंबाखू दाढेला धरली. रागावल्या की त्या थोडा वेळ गप्प बसतात, पण तो फार थोडा असतो.

"बरं त्ये जाऊ दे. माज्या छकुलीचं लगीन हाय. नातीचा चुडा तूच भरायचा. माल न्हाय फाल न्हाय मला सांगू नगंस. तुजी पेटी मी उगडून बगितलीया."

"माजी पेटी उगडलीस?"

"तू झोपली हुतीस. मग काय करू, बसल्या बसल्या?"

करिमानं आपली बोटं पदराखाली घेतली. "बरं," ती म्हणाली.

आता ती बारामतीची बाई, राजनंदिनी, त्या घरावर एवढी कशानं भुलली, ते सांगायला हवं. ती कॉलेजात इमारतींचं शास्त्र शिकवते. सुट्टीच्या दिवशी जुनी घरं, बारवा, पार बघत हिंडते. मंडळ म्हणजे तिच्यासारखेच हिंडणारे पाच-सहा जण आणि एक म्हातारे अध्यक्ष. ती पहिल्यांदा आली तेव्हा घर तिनं बघितल्यासारखं केलं आणि नजर थांबली ती पायरीवर. ओट्याच्या पायरीच्या दगडात मधोमध एक खळगा आहे. वाटीएवढा, गुळगुळीत.

"हा कशानं पडलाय हो?"

करिमानं जसं आहे तसं सांगितलं होतं. चुडा भरायला बसलेली नवरी ओट्याच्या काठावर बसते, पाय पायरीवर. बांगडी हाडावर आली की कळ येते. ओरडायचं नसतं, शेजारी सासरची माणसं असतात. मग ती टाच दाबून धरते, दगडात. एकीनं दाबली, दुसरीनं दाबली, पैंजणं घासली. हुरमतबीच्या सासूच्या काळातसुद्धा खळगा होताच म्हणे.

राजनंदिनी पायरीजवळ उकिडवी बसली आणि त्या खळग्यात तिनं हात ठेवला. बराच वेळ तशीच बसली. मग म्हणाली, "एवढ्या मुलींनी मिळून केलेली ही एकच गोष्ट असेल या तालुक्यात." आपल्या मंडळापुढं तिनं घर मांडलं ते या खळग्यासाठीच.

त्या खळग्यात करिमाचीही टाच होती. तो किस्सा कौसल्याबाईंकडून ऐकावा, पण त्या फार तिखटमीठ लावतात. करिमा माहेरची कोऱ्हाळे बुद्रुकची. चुलतबहिणीच्या लग्नाला बांगड्या भरायला म्हणून बायांबरोबर इथं आली होती. बादशाह तेव्हा मिसरूड फुटलेला, आईशेजारी माळा धरून बसलेला. हुरमतबीनं माप सांगितलं आणि पठ्ठ्यानं मुद्दाम एक नंबर लहान बांगडी काढून दिली. का? तर पोरगी जास्त वेळ बसावी म्हणून. हुरमतबी दाबतीय, पोरगी टाच रोवून ओठ चावतीय, आणि हा माळ हलवत पत्र्याकडं बघतोय! म्हातारीच्या लक्षात आलं तेव्हा तिनं पोराच्या डोक्यात टपली मारली आणि हात तसाच धरून पोरीच्या चुलतीला विचारलं, "हिचं कुटं जमलंय का?" हे खरं का म्हणून लोक बादशाहला म्हातारपणीसुद्धा विचारायचे. तो नाही कधीच म्हणाला नाही.

तर मंडळ घर बघायला येणार असं ठरलं. अध्यक्षांनी बघून हो म्हणायचं, मग बोर्ड. इंद्रजितराव अंगात वारं शिरल्यासारखे कामाला लागले. पाहुणे येणार म्हटल्यावर आपल्याकडं पहिलं काय करतात? जुनं दिसेल ते झाकतात. देवळाला ऑइलपेंट मारतात, तसं. इंद्रजितरावांनी गवंडी पाठवला. त्यानं भिंतीला गुलाबी रंग काढला, ओट्याला लाल पट्टा ओढला आणि पायरीशी येऊन उभा राहिला. करिमा आतल्या दारात बसली होती.

"चाची, ह्यो खड्डा बुजवू का? पाव्हनं अडखळतील."

करिमानं खळग्याकडं बघितलं. तिला काहीच वाटलं नाही. पुढं तिनं कौसल्याबाईंना सांगितलं, की तो काय विचारतोय ते कळत होतं, पण कुणा दुसऱ्याच्या घरचं विचारतोय असं वाटत होतं.

"बरं," ती म्हणाली.

गवंड्यानं खळग्यात सिमेंट-वाळूचा माल भरला आणि वरून इंद्रजितरावांच्या बाथरूममधनं उरलेली फरशी बसवली. चकचकीत, निळी, तिच्यावर दोन बदकं.

संध्याकाळी करिमा ओट्यावर येऊन बसली. बसताना पाय सवयीनं खाली गेला, फरशीवरून सुळकन घसरला. तिनं दुसरीकडं ठेवला. तिथंही बसेना. पायाला जागा सापडेना म्हणून ती उठून आत गेली.

पाहुण्यांचा दिवस उजाडला. थंडीचे दिवस, पण ऊन लख्ख. ओट्यासमोर खुर्च्या, हार, नारळ. चावडीची सगळी मंडळी गंमत बघायला आलेली. अफजलही आला होता, आणि तो घुश्शात होता, कारण आपल्याच घराचा आपल्याला न विचारता इतिहास झालाय, हे त्याला शेजाऱ्याच्या फोनवरून कळलं होतं.

राजनंदिनी गाडीतून उतरली. अध्यक्षांचा हात धरून त्यांना पायरीपाशी घेऊन आली. "सर, हाच तो..." म्हणत वाकली, आणि वाकलेलीच राहिली.

बदकं तिच्याकडं बघत होती.

"खळगा कुठंय?" तिनं विचारलं.

"बुजवला की म्याडम," इंद्रजितराव पुढं झाले. "लई वंगाळ दिसत हुता. कशी वाटली फरशी? कंपनीची हाय."

अध्यक्ष सज्जन माणूस, त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "राजनंदिनी, आपण खळगा बघायला आलो होतो. आता जाहीर काय करायचं? बदकं?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. राजनंदिनीचा चेहरा पडला. ती करिमाकडं वळली. "आजी, तुम्ही तरी थांबवायचं ना त्याला!"

करिमा ओट्यावर हात मांडीत घेऊन बसली होती. आपण थांबवायला हवं होतं, हे तिला कळलं. पण वाईट वाटलं नाही. वाईट वाटत नाही याचंच थोडं नवल वाटलं, तेही लगेच गेलं.

अफजलचा मात्र जीव भांड्यात पडला. "मग झालं तर. ऱ्हायला आता वारसा," तो म्हणाला. "चहा घ्या सगळी. इंद्रजितकाका, तुमच्याकडंच देतो गाळ्यांचं काम."

पाहुणे चहाचे कप हातात घेऊन निघायच्या तयारीत उभे होते, एवढ्यात समोरून कौसल्याबाई आल्या. पुढं नात छकुली, डोक्यावर पदर, मागं चार-पाच बाया. ही वेळ कौसल्याबाईंनी मुद्दामच साधली होती. एवढी गर्दी आयती जमलेली असताना नातीचा चुडा गुपचूप कशाला भरायचा?

"सरका, सरका! नवरी हाय. करिमे, काढ पेटी."

"आज नगं," करिमा म्हणाली.

"व्हय म्हनाली हुतीस. समद्या गावाला बरं म्हनतीस, मला नगं?"

पेटी आली. तीच, इंदापूरच्या बाजारातली. छकुली ओट्याच्या काठाला बसली, पाय पायरीवर ठेवले. करिमानं हिरव्या बांगड्या काढल्या आणि पोरीचा हात हातात घेतला. दाबला. चुरगाळला. मऊ लागला की कडक, हेच कळेना. हाड कुठंय? तिनं अंदाजानं बांगडी चढवली, पुढं रेटली. छकुलीला कळ आली, तिनं टाच दाबली, टाच फरशीवरून सटकली, पोरगी पुढं कलली आणि कट्कन आवाज झाला.

"वाढली, वाढली," बाया घाईघाईनं म्हणाल्या. नवरीची बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही.

करिमानं काच बाजूला केली. दुसरी घेतली. पुन्हा तसंच. टाच घसरली, हात हलला, बांगडी गेली. या खेपेला बायाही काही म्हणाल्या नाहीत. छकुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. एक बाई दुसरीच्या कानाला लागली. चावडीची मंडळीसुद्धा गप्प झाली, आणि ती गप्प होणं म्हणजे गोष्ट साधी नाही.

अफजल पुढं आला, आईशेजारी बसला. त्याचा आवाज मऊ होता. "अम्मी, ऱ्हाऊ दे. तुज्याच्यानं आता न्हाय हुत. चल बारामतीला. हितलं झालं आता."

खरं तर इथं 'बरं' यायचं. कौसल्याबाई नंतर म्हणायच्या, मी तर ते बरं ऐकायला कान घट्ट करून बसले होते.

पण करिमाचं लक्ष त्याच्याकडं नव्हतं. ती छकुलीच्या टाचेकडं बघत होती. गुलाबी टाच त्या निळ्या बदकांवर इकडून तिकडं जागा शोधत होती. आणि करिमाला हुरमतबी आठवली. शेवटच्या वर्षांत म्हातारीच्याही बोटांची जाण गेली होती, तरी ती भरायची. करिमानं एकदा विचारलं होतं, अम्मा, तुमास्नी हाड लागतं कसं? तेव्हा हुरमतबी म्हणाली होती, हाताकडं कोन बगतंय गं, टाचंकडं बगायचं. टाच रुतली म्हंजी हाड आडवं हाय, थांबायचं. टाच ढिली पडली की वाट मोकळी.

ते तेव्हा तिनं म्हातारीची बडबड म्हणून सोडून दिलं होतं.

"चल ना अम्मी."

"न्हाय," करिमा म्हणाली.

पोराला असा सरळ नकार वर्षभरात हा पहिलाच, तोही मोठ्यानं नाही. ती उठली, आत गेली, वरवंटा घेऊन आली. अफजलला वाटलं ही आता कुणाला तरी मारते. इंद्रजितरावांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते दोन पावलं मागं सरकले. करिमा पायरीशी बसली आणि तिनं वरवंटा बदकांवर घातला.

फरशीचे तुकडे झाले. ते बाजूला करून तिनं खालच्या मालावर दणका दिला, आणि काय सांगावं! तो माल फुटला नाही, तो सांडला. नुसती वाळू. एखाद्या पोरानं खेळताना वाटी भरून ठेवावी तशी. करिमानं हातानं ती बाहेर काढली, पदरानं पुसलं. खाली खळगा होता, जसाच्या तसा. सिमेंटचा कणसुद्धा त्याला चिकटला नव्हता.

चावडीची मंडळी अशी हसली, की झाडावरचे कावळे उडाले.

"इंद्रजितराव," कौसल्याबाई डोळे पुसत म्हणाल्या, "तुमी हात राखून काम करता म्हनून इतिहास वाचला बगा!"

"म्या गवंड्याला सांगितलंच हुतं," इंद्रजितराव म्हणाले, "दगडाला धक्का लागाय नगं." हे त्यांनी असं बेमालूम सांगितलं की पुढं स्वतःलाही ते खरं वाटू लागलं.

करिमाचं तिकडं लक्ष नव्हतं. "ठिव पाय," ती छकुलीला म्हणाली.

छकुलीनं टाच खळग्यात ठेवली. ती तिथं बरोबर बसली, सगळ्यांच्याच बसतात. करिमानं तिचा हात धरला आणि हाताकडं बघितलंच नाही. मान खाली घालून ती टाचेकडं बघत राहिली. टाच दगडात रुतली, करिमा थांबली. टाचेवरचा लाल रंग दाबून पांढरा पडला होता. तो परत लाल व्हायला लागला, तशी तिनं बांगडी सरकवली. गेली. दुसरी गेली. आजूबाजूला सगळे श्वास धरून बसले होते. करिमाला त्यांचं भानही नव्हतं. ती फक्त बघत होती, पांढरं, लाल, पांढरं, लाल.

माळ सोडवायला एक हात कमी पडत होता. थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं, की कुणीतरी शेजारून मापाच्या बांगड्या पुढं करतंय. अफजल होता. तोंड फुगलेलंच होतं, पण माळ बरोबर धरली होती.

"नीट माप दे," ती म्हणाली. "तुज्या बापासारखं करू नगंस."

अफजलला काही कळलं नाही. कौसल्याबाईंना कळलं, आणि त्यांना ठसका लागला.

चुडा भरून झाल्यावर करिमानं दोन्ही हातांवर रिवाजाप्रमाणं एकेक जास्तीची चढवली. छकुली तिच्या पाया पडली. मग अध्यक्ष कष्टानं गुडघ्यावर बसले आणि त्यांनी खळग्याला हात लावला. तो गरम होता, नुकताच कुणाचा तरी पाय होता तिथं. "जाहीर करा," ते म्हणाले, एवढंच.

बोर्ड लागला. इंद्रजितरावांच्या गवंड्यानं लावला, त्यामुळं तो चौथ्या दिवशी पडला. मग अफजलनं बारामतीहून ड्रिल मशीन आणून स्वतः परत बसवला. गाळ्यांचं अजून मधून मधून निघतं, पण तो ते आता शबीनाच्या नावानं काढतो. करिमा ओट्यावर बसते. लग्नसराईत बाया येतात, फोटो काढणारेही येतात. एका वर्तमानपत्रवाल्या पोरानं विचारलं, आजी, घराला एवढा मान मिळाला, कसं वाटतंय? करिमानं खरोखर विचार केला आणि म्हणाली, "काय न्हाय." त्यानं 'आजी भारावून गेल्या' असं छापलं.

बोटं अजून तशीच आहेत. बादशाहची आठवण निघाली तरी ती आपली तांदूळ निवडत राहते.

फक्त एकदा, त्या पाहुण्यांच्या दिवशीच, खुर्च्या उचलल्यावर, सगळे गेल्यावर, कौसल्याबाई काचा गोळा करायला म्हणून थांबल्या होत्या. बघतात तर करिमा आपल्या नेहमीच्या जागी नव्हती. ती काठाला बसली होती, नवरीच्या जागेवर, आणि तिनं स्वतःची टाच खळग्यात ठेवली होती. वर पत्र्याकडं बघत होती.

कौसल्याबाई जन्मात पहिल्यांदा काही न विचारता शेजारी जाऊन बसल्या. तेही त्यांना फार वेळ जमलं नाही.

"काय गं?"

"ऊन हाय दगड," करिमा म्हणाली.

"दिसभर उनात हुता. मग काय बरफ असंल?"

करिमानं पाय काढला नाही.